उशीखालची भाकरी, पाठीवरचे वळ : वाचकांचे प्रश्न

(या अंकातल्या प्रश्नांना बालरोगतज्ज्ञ, विशेष शिक्षिका, मानसोपचारतज्ज्ञ आणि वकील यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : माझ्या भावाचा सात वर्षांचा मुलगा बालकल्याण समितीच्या (धोक्यातल्या मुलांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेशाने दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहे. आधीच्या घरी त्याला उपाशी ठेवत, मारत. आमच्याकडे कशाची कमी नाही, तरी तो भाकरी चोरून उशीखाली ठेवतो, रोज अंथरूण ओलं करतो आणि विचारलं की तोंडावर खोटं बोलतो. यजमान म्हणतात, आत्ताच वळण लावलं नाही तर पोर हाताबाहेर जाईल. काय करावं?
— एक आत्या, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी भाकरीचं बघू. ही चोरी नाही, साठवण आहे. पुढचं जेवण मिळेलच याची खात्री ज्याला कधी नव्हती, ते मूल दोन महिन्यांत ती खात्री धरत नाही. त्याला झाकणाचा एक स्टीलचा डबा द्या, त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा आणि हा फक्त तुझा आहे असं सांगा. त्यात टिकणारं घाला : फुटाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खारे शेंगदाणे. रोज संध्याकाळी काही न बोलता डबा भरायचा. "एवढं सगळं खाल्लंस?" असं एकदा जरी तोंडातून गेलं, तरी भाकरी पुन्हा उशीखाली जाते. डबा रिकामा दिसता कामा नये, कारण रिकामा डबा त्याला पूर्वीचं घर आठवून देतो.

जेवणखाण दिवसातून पाच वेळा, ठरल्या वेळी, अडीच-तीन तासांच्या अंतराने ठेवा. पहिले काही आठवडे तो पोट तट्ट फुगेपर्यंत खाईल, कदाचित उलटीही करेल. ताट ओढून घेऊ नका. थोडं वाढा आणि भांडं त्याला दिसेल असं समोर ठेवा. "ऐकलं नाहीस तर जेवण नाही" हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं जायला हवं, थट्टेतसुद्धा नको. काही महिन्यांनी डबा भरलेलाच परत येऊ लागेल. शाळा बदलली, जुन्या घरातलं कुणी भेटायला आलं किंवा तारखेला जावं लागलं, की साठवण पुन्हा सुरू होते. त्यात बिघडलं काही नाही, डबा पुन्हा भरायला लागा.

अंथरूण ओलं करण्यामागे भीती असतेच, पण शरीराचं कारण आधी तपासा. लघवीची तपासणी करून घ्या. शौचाला कडक होते का, तीन-तीन दिवस होत नाही का, ते बघा, कारण तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन उतरणं एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला हवी. घरात एवढं करा : गादीवर रेक्झिन, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रेक्झिन आणि चादर. रात्री वरची जोडी तेवढी ओढून काढायची, दिवा लावून सगळ्यांना उठवायचं नाही. दिवसभर पाणी भरपूर द्या, झोपण्याआधीच्या तासाभरात थोडं कमी. तहानेला नाही म्हणू नका, या मुलाला तर मुळीच नाही. संडास अंगणापलीकडे असेल तर मूल अंधारात जाणारच नाही. खोलीत झाकणाची बादली आणि एक मंद बल्ब ठेवला की निम्मा प्रश्न सुटतो.

खोट्याचं म्हणाल, तर खरं बोललं की मार बसतो हे तो शिकून आलाय. उत्तर तुम्हाला ठाऊक असेल तेव्हा "तू केलंस का?" असा प्रश्नच विचारू नका. "दूध सांडलंय, फडकं आण, मीही पुसते" म्हणा. सहा महिने एवढं केलं तर खोट्याची गरज कमी होत जाते.

यजमानांना सांगा, वळण लागेलच, पण ते घाबरलेल्या शरीराला लागत नाही. घरात नियम तीनच ठेवा : कुणी कुणाला मारायचं नाही, सांगितल्याशिवाय घराबाहेर जायचं नाही, रात्री अमुक वाजता झोपायचं. नियम मोडला तर लगेच आणि छोटी भरपाई : सांडलेलं उचलणं, फेकलेलं जागेवर ठेवणं. अंधाऱ्या खोलीत कोंडणं नको, "परत पाठवून देईन" ही धमकी तर त्याहून वाईट. मागून येऊन अचानक हात लावू नका. फडताळावरचं काही काढायला हात वर केला तरी तो डोकं झाकून घेईल. अशा वेळी "डबा काढतेय हं" एवढं बोलून मग हात वर करा.

कायद्याचंही एक सांगायला हवं. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ मुलाचा ताबा असलेल्या प्रत्येकाला लागू आहे, म्हणजे तुम्हालाही. मुलाशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याचबरोबर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. समितीच्या आदेशाची प्रत घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना समितीने ठरवून दिल्याप्रमाणेच भेटू द्या, वाड्यावस्तीच्या भिडेखातर नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तिसरीतल्या एका मुलीच्या पाठीवर, मानेपर्यंत वळ दिसले. विचारल्यावर पडले म्हणाली. मुख्याध्यापक म्हणतात, घरगुती मामला आहे, आपल्याला याच गावात राहायचंय.
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : सर, खेळताना पडलेल्या मुलाला लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, कपाळाला, म्हणजे जिथे हाड वर असतं तिथे. पाठ, पोट, मांडीची आतली बाजू, कान, मान आणि गाल या जागा पडून सहसा दुखावत नाहीत. दुमडलेल्या वायरीचा किंवा दोरीचा वळ इंग्रजी यू अक्षरासारखा उमटतो. पट्ट्याचे वळ दोन समांतर रेघांचे असतात. विडी-सिगारेटने डागल्याची खूण गोल आणि काठ स्पष्ट असलेली असते. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे मात्र डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. तो तर्क तुम्ही लिहू नका.

उलटी चूकही होते, म्हणून हेही ध्यानात असू द्या. तान्ह्या भावंडांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर दिसणारे निळसर करडे डाग जन्मापासूनचे असतात, ते मार नव्हेत. बिब्बा लावल्यानेही भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग राहतात. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या सळईने डागण्याची डंबा नावाची प्रथा आहे. तिथे हेतू उपचाराचा असतो, पण इजा खरीच असते आणि बाळाला दवाखान्यात न्यावंच लागतं. मारझोड आणि असे उपाय यांतला फरक ठरवणं डॉक्टरांचं आणि समितीचं काम आहे. तुमचं काम दिसलं ते कळवण्याचं.

मुलीशी बोलायचं ते एकदाच, एकांतात पण दार उघडं ठेवून, शाळेतल्या बाई सोबत असतील तर उत्तम. तिच्या शेजारी बसा, समोर उभे राहू नका. "बाबांनी मारलं का?" असं विचारू नका. प्रश्नात उत्तर घातलं की पुढे न्यायालयात तिच्या शब्दांची किंमत कमी होते. "पाठीला काय झालं ते सांग", "मग?", "अजून काही?" एवढं पुरे. ती गप्प राहिली तर थांबा. तिचा सदरा काढायला लावू नका, मोबाइलवर फोटो काढू नका, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात तर काहीच टाकू नका. तिची ओळख उघड होईल असं काही पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कागदावर माणसाची आकृती काढून, उघड्या अंगावर जे दिसलं त्याच्या खुणा करा आणि तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून लिहा.

"हे मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पाळता येणार नाही आणि तिचा मोठ्यांवरचा उरलासुरला भरवसाही जाईल. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, तुला जपायला मी योग्य माणसाला सांगणार आहे" असं सांगा. कळवण्याआधी पालकांना बोलावून जाब विचारण्याची घाई हमखास होते आणि तीच सगळ्यांत महागात पडते. त्याचा राग त्याच रात्री तिच्या पाठीवर निघतो.

कळवायचं १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती शासन चालवतं आणि आणीबाणीच्या ११२ क्रमांकाशी जोडलेली आहे. पोलीस किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला थेट कळवलं तरी चालतं. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असेल, तर २०१२ च्या पोक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुख्याध्यापकांना हे शांतपणे, लेखी द्या. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाला आंघोळ घालू नये, अंगावरचे कपडे प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत आणि शक्यतो ७२ तासांच्या आत रुग्णालयात न्यावं. उपचारासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो.

"आपण कळवलं आणि पोरीला घरापासून तोडलं तर?" ही भीती प्रामाणिक आहे. पण संस्थेत ठेवणं हा कायद्याच्या दृष्टीने शेवटचा उपाय आहे. समितीला मुलाला देखरेखीखाली घरीच ठेवता येतं किंवा आजी-मामाकडे सोपवता येतं. शिवाय कुणाच्या हातात ती सुरक्षित आहे हे तुम्ही-आम्ही बाहेरून ठरवू शकत नाही.

प्रश्न : शेजारच्या घरातून रोज रात्री मुलाच्या रडण्याचे, आपटण्याचे आवाज येतात. नाव न सांगता तक्रार करता येते का?
— नाशिक

उत्तर : येते. १०९८ वर नाव न देता सांगता येतं. फक्त पत्ता, मजला, मुलाचं अंदाजे वय आणि कोणत्या वेळी काय ऐकू येतं हे नेमकं सांगा. आत्ता, या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२ लावा.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. दोन-चार शब्दच बोलतो. गेल्या दीड महिन्यापासून तो स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारतो, जेवताना ताट भिरकावतो, रात्री झोपत नाही. सगळे म्हणतात, गोळी वाढवा.
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, बोलू न शकणाऱ्या मोठ्या माणसाचं वागणं थोड्या आठवड्यांत बदललं, तर पहिला संशय दुखण्याचा. "ऑटिझमच आहे ना, असंच असतं" म्हणून तपासणी टळते आणि किडलेली दाढ महिनोन् महिने तशीच राहते. तुमच्या पत्रातल्या दोन खुणा दातांकडे, कानाकडे किंवा पित्ताकडे बोट दाखवतात : त्रास जेवताना होतो आणि मार डोक्यावर आहे. मऊ भात खातो आणि भाकरी नाकारतो का? एकाच बाजूने चावतो का? आडवं झाल्यावर जास्त बिनसतं का? या उत्तरांवर दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ज्ञ की फिजिशियन, हे ठरेल. शौचाचीही नोंद ठेवा. पातळ डाग पडताहेत म्हणून बद्धकोष्ठ नाही असं धरू नका. कडक मळ अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं, घरचे जुलाबाचं औषध देतात आणि अडथळा आणखी पक्का होतो.

दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीन रकाने : आधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं, नंतर काय झालं. वेळ लिहा. शेजारी झोपेचे तास, शौच, खाणं आणि गोळ्यांच्या वेळा. डॉक्टरांच्या संमतीने वेदनाशामक देऊन पाहता येतं. पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात बुक्क्या थांबल्या, असं दोन-तीनदा झालं, तर दुखणं शोधायलाच हवं. याच काळात घरात काय बदललं तेही लिहा : वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं, त्याचं केंद्र बंद झालं, बहिणीचं लग्न होऊन ती गेली. ही कारणं आपल्याला किरकोळ वाटतात. रोजची घडी हाच ज्याचा आधार आहे, त्याला ती किरकोळ नसतात.

गोळीचं. रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल यांनी चिडचिड कमी होऊ शकते, त्यांना आमचा सरसकट विरोध नाही. पण या औषधांनीच कधी कधी अंगात अशी तगमग भरते की माणूस एका जागी बसू शकत नाही. बाहेरून ते वागणं बिघडल्यासारखं दिसतं, डोस वाढतो आणि तगमग आणखी वाढते. म्हणून अलीकडे गोळी सुरू झाली किंवा वाढवली असेल तर ती तारीख त्रासाच्या तारखेशी ताडून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून एकदम बंद करू नका. वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी यांची तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी.

दवाखान्याची तयारीही औषधाइतकीच महत्त्वाची. दिवसातली पहिली वेळ मागा, बाहेर रिक्षात थांबा आणि नंबर लागल्यावरच आत जा. आधीच्या आठवड्यात दवाखान्याचा, खुर्चीचा, डॉक्टरांचा फोटो रोज दाखवा. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसून परत यायचं ठरवलं तरी चालेल. तपासणी होतच नसेल तर भूल देऊन दात आणि कान एकाच वेळी तपासायला सांगा, रक्तही तेव्हाच घेता येतं. सोय मोठ्या रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात होते.

प्रत्यक्ष उद्रेकात एकाच माणसाने त्याच्याजवळ राहावं, बाकीच्यांनी खोलीबाहेर जावं. टीव्ही, पंख्याचा आवाज, लख्ख दिवा बंद. काचेच्या वस्तू उचला, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा. प्रश्न विचारू नका, समजावू नका. त्या वेळी शब्द आत शिरत नाहीत, वरून भार मात्र वाढतो. चार जणांनी पालथं पाडून पाठीवर दाबून धरू नये. छातीवर भार येऊन श्वास कोंडतो आणि जीव जाऊ शकतो. उद्रेक ओसरल्यावर पाणी द्या आणि तासभर काही मागू नका.

दोन गोष्टींसाठी थांबू नका. ऑटिझममध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि ती किशोरवयात किंवा पुढेही पहिल्यांदा येऊ शकते. फिट आल्यास कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल मंदावणं : उंबऱ्यात पाय उचलून तसंच थिजणं, घास हातात धरून अर्धा तास बसणं, बोलत होता ते शब्दही जाणं. याला कॅटाटोनिया म्हणतात. आळस किंवा हट्ट समजून रागावण्यात वेळ जातो, पण याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच न्या आणि घरी काढलेला व्हिडिओ दाखवा.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, आयटीत काम करते. चिंतेवर अनेक वर्षं औषध घेतल्यावर यंदा ऑटिझमचं निदान झालं. घरचे म्हणतात, एवढी शिकलीस, नोकरी करतेस, तुला कसला ऑटिझम? गौरी-गणपतीत तीस माणसं घरात आणि बाहेर ढोल. तिसऱ्या दिवशी मी आजारीच पडते. प्रमाणपत्र मिळेल का?
— पुणे

उत्तर : मिळेलच असं नाही. त्याचं कारण तुमच्यात नाही, मोजपट्टीत आहे. भारतात दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची मोजणी वापरतात. गुण ४० ते २०० मध्ये येतात आणि ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. तिचा भर बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर आहे. नजरेला नजर देणं, गप्पांत योग्य वेळी हसणं हे तुम्ही कष्टाने शिकला आहात, ते कष्ट तिच्यात मोजले जात नाहीत. अर्ज जरूर करा. लहानपणीचा तपशील आई किंवा मावशीकडून लिहून घ्या, शाळेची प्रगतिपुस्तकं जोडा. कार्यालयात आधी मानवी संसाधन विभागाकडे विचारा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करून त्यात सोयी नमूद कराव्या लागतात. मागणी नेमकी असू द्या : ठरलेली जागा, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी, तोंडी सूचनांऐवजी ईमेल.

सणासाठी घरच्यांना "मला त्रास होतो" असं सांगून भागत नाही, वेळ आणि काम ठरवून सांगा. "मी सकाळी आठ ते दहा मोदक करेन, आरतीला असेन, दोन ते चार माझ्या खोलीचं दार बंद असेल." स्वयंपाकघरातलं ठरलेलं काम दिवाणखान्यातल्या गप्पांपेक्षा पुष्कळांना सोपं जातं. ढोलासाठी फोमचे इअरप्लग वापरा : बोटांत लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट धरायचा. अर्धवट घातलेला प्लग काही अडवत नाही. शांत खोलीत तो काढून ठेवा. दिवसभर कान बंद ठेवले तर साधे आवाजही बोचू लागतात. भूक-तहान उशिरा जाणवत असेल तर गजर लावून पाणी प्या, खा. तिसऱ्या दिवसाच्या आजारपणाचा मोठा भाग त्यातूनही येतो.

घरच्यांना पटायला वेळ लागेल. निदानाचा कागद त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवण्यापेक्षा जो एक माणूस ऐकतो, त्याला आधी सोबत घ्या.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, पत्नी ६३. मुलगी ३४ वर्षांची, स्वमग्न, बौद्धिक अक्षमताही आहे. मी सरकारी सेवेतून निवृत्त. घर तिच्या नावावर केलं म्हणजे झालं का?
— कोल्हापूर

उत्तर : नाही काका, तेवढ्याने तीच अडचणीत येईल. ज्याला सही करता येत नाही त्याच्या नावावरचं घर ना भाड्याने देता येतं, ना विकता येतं, आणि कुणी बळकावलं तर तक्रारही दुसऱ्यालाच करावी लागते. १८ वर्षांनंतर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक उरत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तुमच्यानंतर कोण, ही बोलणी त्या माणसाशी आत्ताच करून ठेवा.

घर आणि पैसा मृत्युपत्राद्वारे खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) ठेवा. विश्वस्त किमान दोन असावेत आणि तिला सांभाळणारा माणूस त्यांच्यात एकटा निर्णय घेणारा नसावा. सांभाळणं आणि तिजोरी एकाच हातात गेली की बिघडतं, सख्ख्या भावाच्या बाबतीतही. बँकेत नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी दिली असं होत नाही, ते मृत्युपत्रातच लिहावं लागतं. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. तिचं नाव तुमच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नोंदवा, नंतर तिलाच पुरावे गोळा करावे लागतील. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर ते पहिलं काम. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा वर्षाला एक लाखापर्यंतचा आहे, आधी तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण खर्च आणि थेरपीही त्यात बसतात.

आणि एक जाडजूड वही. ती कोणत्या बाजूला झोपते, पाणी कशातून पिते, कुठला शब्द कशासाठी वापरते, पाळीच्या दिवसांत काय लागतं, पॅड कोण बदलतं, कुणी हात लावलेला चालत नाही, गोळ्यांची नावं आणि वेळा, कोणत्या डॉक्टरांपुढे ती शांत राहते. दर सहा महिन्यांनी तारीख घालून नवी करा. या वर्षात तिला आठवड्यातून एक रात्र, मग दोन, तुमच्याशिवाय राहण्याची सवय लावा. आई गेली त्याच दिवशी घरही बदललं तर दोन्ही धक्के एकदम बसतात. महाराष्ट्रात निवासी जागा थोड्या आणि प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे गरज नसतानाच दोन-तीन ठिकाणी जाऊन या. जाल ते न कळवता, दुपारी साडेतीनच्या सुमारास. त्या वेळी राहणारी माणसं काय करत असतात, संडास कोरडे आहेत का, पुरुष कर्मचारी मुलींच्या खोल्यांकडे कसे जातात आणि तिथे किती वर्षांपासून तेच कर्मचारी आहेत, एवढं बघा.